चिटणिसाचे मरण : शोकात्म नायकाचा विनाश आणि गौण पात्रे

मराठी नाट्यसमीक्षेत शोकात्मिकेची चर्चा सुरू झाली की ती जवळजवळ नेहमी नायकाभोवतीच फिरत राहते. नायकाचा स्वभावदोष कोणता, त्याची नियती कोणती, त्याच्या दुःखाची उंची किती, या प्रश्नांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. क्वचित कधी समीक्षेचे लक्ष नायकाच्या अवतीभोवती वावरणाऱ्या पात्रांकडे वळले, तर तिच्याजवळ दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की, ही पात्रे खल आहेत. त्यांनी कपट केले म्हणून नायक पडला. दुसरे असे की, ही पात्रे निमित्तमात्र आहेत. नायक आपल्या दोषामुळे पडणारच होता, त्यांनी केवळ धक्का दिला. पहिल्या उत्तरात गौण पात्राला नको तेवढी शक्ती बहाल केली जाते, तर दुसऱ्यात त्याच्याजवळ होती तेवढीही काढून घेतली जाते. ही उत्तरे परस्परविरोधी भासतात. तथापि, नायक आणि ते पात्र यांच्यामध्ये प्रत्यक्ष काय घडले, हा प्रश्न दोन्हींमुळे अनुत्तरितच राहतो.

हा वाद केवळ वर्गातला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'छावा' या हिंदी चित्रपटात गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर म्हणून रंगविल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी तीव्र आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला क्षमा मागावी लागली. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा पुतळा उखडून मुठा नदीत फेकण्यात आला. कारण होते 'राजसंन्यास' या त्यांच्या अपूर्ण नाटकातील संभाजीचे चित्रण. आक्षेप घेतल्या गेलेल्या मजकुरात जिवाजी कलमदाने या हास्यास्पद कारकुनी पात्राच्या तोंडची वाक्येही होती, आणि ती नाटककाराचे मत म्हणून वाचली गेली. एकीकडे गौण पात्राला घराण्याचा प्रतिनिधी मानले जाते, दुसरीकडे नाटककाराचा मुखत्यार. पात्र म्हणून त्याच्याकडे पाहण्याची सवय ना प्रेक्षकाला लागली, ना वाचकाला. आणि ती लावणे ज्या समीक्षेचे काम होते तिने ते केले नाही. या दोन्ही प्रसंगी समीक्षक वृत्तपत्रांतून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलले, ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या स्वतःच्या शास्त्रातला प्रश्न, म्हणजे गौण पात्राचे शोकात्मिकेतील नेमके कार्य कोणते, हा त्यांनी विचारला नाही.

हे कार्य पुढीलप्रमाणे मांडता येईल. शोकात्मिकेतील गौण पात्र नायकाला पाडत नाही, तसेच ते नुसते निमित्तही नसते. ते आपले काम करीत असते, आपला जीव आणि आपली माणसे सांभाळीत असते. नायक त्या पात्राविषयी एक निर्णय घेतो: कोणाचे ऐकायचे, कोणावर विश्वास टाकायचा, कोणाला क्षमा करायची आणि कोणाला चिरडायचे. नायकाचे कर्म पाहायचे असेल तर ते या निर्णयांतच पाहावे लागते. अ‍ॅरिस्टॉटलने ज्याला हॅमार्शिया म्हटले ती गोष्ट नायकाच्या मनात पडून असलेला एखादा अवगुण नव्हे; ती घडलेली चूक असते, आणि ती कोणाच्या तरी बाबतीत घडलेली असते. तो 'कोणी तरी' बहुधा गौण पात्र असतो. त्याला खल ठरविले की चूक चूक राहत नाही, आणि निमित्त ठरविले की ती दिसेनाशी होते.

जगातील मान्यवर शोकात्मिका या दृष्टीने पुन्हा पाहाव्यात. सोफोक्लिजच्या 'ईडिपस'मधील धनगराने कोणतेही कपट केलेले नाही. मारून टाकण्यासाठी हाती दिलेल्या अर्भकाची त्याला दया आली, एवढाच त्याचा 'अपराध'. अनेक वर्षांनी ईडिपस त्याला बोलते करण्यासाठी छळाची धमकी देतो आणि आपल्या विनाशाचे शेवटचे दार स्वतःच्या हाताने उघडतो. 'ऑथेल्लो'मधील एमिलिया नवऱ्याला खूश करण्यासाठी रुमाल उचलून देते. पुढे सत्य उघड करते आणि त्यापायी मरते. इआगोच्या कपटावर लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु ज्या एमिलियाला विचारले असते तर सारे वेळीच कळले असते, तिचे म्हणणे ऑथेल्लो ऐकतो पण त्यावर विश्वास ठेवीत नाही, या गोष्टीचे मोल इआगोच्या कारस्थानाहून कमी नाही.

मराठीतील सर्वांत परिचित उदाहरण 'एकच प्याला'चे. गडकरींच्या निधनानंतर, फेब्रुवारी १९१९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले. तेव्हापासून 'तळीराम' हा शब्द बोलीत दारुड्यासाठी रूढ झाला आणि समीक्षेत सुधाकराच्या नाशाचे कारण म्हणून. वस्तुतः याच नाटकात गडकऱ्यांनी या समजुतीला उत्तर देऊन ठेवले आहे. भगीरथही तळीरामाच्याच मंडळींत बसतो, तीच भाषणे ऐकतो, तोच प्याला उचलतो. आणि तरीही तो त्या वाटेवरून मागे फिरतो. एकच गौण पात्र दोन माणसांच्या आयुष्यात येते आणि दोन निरनिराळे शेवट घडतात. तेव्हा कारण तळीरामात शोधणे व्यर्थ आहे. कोर्टातल्या अपमानाने आणि सनद गेल्याने घायाळ झालेल्या सुधाकराला रामलालसारखा स्नेही जवळ असताना तळीरामाचे बोलणे का पटावे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो सुधाकराला विचारायचा आहे. तळीरामाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून आपण सुधाकराला सोडवितो आणि नाटक मात्र गमावतो. मग उरते दारूबंदीचे प्रचारनाट्य, जे हे नाटक नाही.

तळीराम कल्पित असल्यामुळे तेथे समीक्षेची चूक वाङ्मयापुरती मर्यादित राहते. इतिहासातून उचललेल्या शोकात्म नायकाच्या बाबतीत मात्र तिचे परिणाम अधिक गंभीर होतात, कारण त्या गौण पात्रांना वंशज असतात. याचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत दुर्लक्षित उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. पेणहून कोलाडमार्गे रोह्याकडे जाताना नागोठण्याच्या पुढे वाकण लागते, आणि तेथून पालीचा फाटा फुटतो. पाली अष्टविनायकातील बल्लाळेश्वरामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांना लागून असलेल्या या सुधागडाच्या परिसरात १६८१ साली संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतील सर्वांत कठोर शिक्षा अमलात आली. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस आणि त्यांच्यासोबत आणखी काही जणांना देहान्त प्रायश्चित्त मिळाले. हत्तीच्या पायी देऊन, असे परंपरा सांगते.

घटनाक्रम थोडक्यात असा. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले. प्रधानांनी सोयराबाईंच्या पक्षाने राजारामांना गादीवर बसविले आणि पन्हाळ्यावर असलेल्या संभाजींना कैद करण्याचा बेत केला. सोयराबाईंचे सख्खे बंधू, सरसेनापती हंबीरराव मोहिते, संभाजींच्या बाजूने उभे राहिल्याने तो फसला. जानेवारी १६८१ मध्ये राज्याभिषेक झाला. अण्णाजी दत्तो यांना क्षमा मिळाली आणि पुन्हा अधिकारपदही मिळाले. त्याच वर्षी औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर आश्रयासाठी कोकणात उतरला आणि पालीच्या परिसरात राहिला. असंतुष्ट मंडळींनी त्याच्याशी संधान बांधण्याचा यत्न केला. अकबराने ती गोष्ट संभाजींना कळविली. आणि मग सुधागडाच्या छायेत ते भीषण पर्व घडले.

या यादीतील प्रत्येक नाव नाटककाराला खुणावणारे आहे. हिरोजी फर्जंद म्हणजे आग्र्याहून सुटकेच्या वेळी, १६६६ साली, शिवाजी महाराजांच्या जागी शय्येवर पडून राहिलेला माणूस, असे परंपरा मानते. पंधरा वर्षांनी तोच त्यांच्या पुत्राच्या आज्ञेने मारला जातो. परंतु सर्वांत विचारात घेण्याजोगे नाव बाळाजी आवजींचे आहे. ते चिटणीस होते. लिहिणे हे त्यांचे काम. संभाजींना अटकेत ठेवण्याचा हुकूम लिहिण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी स्वतः लेखणी उचलण्याचे टाळले आणि पत्र त्यांच्या मुलाच्या हातून लिहविले गेले, अशी चिटणीस घराण्याची परंपरा आहे. हे खरे असो वा नसो, त्यात गौण पात्राची सारी अवस्था आली आहे. नकार देण्याइतके बळ नाही, होकार देण्याइतकी निष्ठुरता नाही. मग अक्षर दुसऱ्याचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही. असा माणूस खल नव्हे, आणि तो निर्दोषही नव्हे. त्याच्याविषयी निर्णय घेणाऱ्या राजाला मात्र अण्णाजींचे पाप आणि बाळाजींची दुर्बलता यांत भेद करायचा होता. तो भेद झाला नाही. एकदा दिलेली क्षमा व्यर्थ गेल्याचा अनुभव ताजा असताना तो होणे किती कठीण होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. नेमक्या याच ठिकाणी, न्याय करू पाहणाऱ्याच्या हातून अपुऱ्या ज्ञानाने काही अपरिहार्य आणि काही अक्षम्य एकाच वेळी घडते, आणि येथेच शोकात्मिकेचा आरंभ होतो.

आता प्रश्न असा की, मराठी नाटकाने या स्थळाचे काय केले? वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळातील पिता-पुत्रांच्या ताणावर उभे आहे. 'इथे ओशाळला मृत्यू' (१९६८) या नाटकाचा भर संभाजींची कैद आणि त्यांचे मरण यांवर आहे. दोन्ही नाटके आपापल्या जागी समर्थ आहेत. परंतु १६८० आणि १६८९ या दोन बिंदूंच्या मध्ये जे १६८१ साल येते, ते दोन्हींपैकी एकाचेही केंद्र नाही. पहिल्यात नायक दुखावलेला पुत्र आहे, दुसऱ्यात हौतात्म्य पत्करणारा राजा. दोन्हींत तो सोसतो. ज्या वर्षी तो करतो, आणि त्याच्या करण्याने इतर सोसतात, ते वर्ष दोन नाटकांच्या मध्यंतरात राहून गेले आहे. गौण पात्रांना निमित्त मानण्याची समीक्षेची सवय नाट्यरचनेतही कशी मुरली, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

बखरीने मात्र हे वर्ष सोडले नाही, आणि त्यामागे कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, सातारा दरबारात, संभाजींचे जे चरित्र मल्हार रामराव चिटणीस यांनी लिहिले त्याचा प्रभाव पुढे दीर्घकाळ टिकला. आणि मल्हार रामराव हे बाळाजी आवजींचे वंशज होते. पालीला चिरडल्या गेलेल्या गौण पात्राच्या घराण्याने शतकभरानंतर नायकाचे चरित्र लिहिले! व्यसनी, उतावळा, कलुषाच्या नादी लागलेला संभाजी पुढच्या कितीतरी कथा-नाटकांनी तेथूनच उचलला. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील चरित्राने आणि कमल गोखले यांच्या १९७१ मधील ग्रंथाने समकालीन साधनांच्या आधारे ही प्रतिमा मोडली, हे मराठी इतिहासलेखनाचे मोठे कार्य. परंतु साहित्यव्यवहाराने त्यांच्यापासून जो बोध घेतला तो अर्धाच होता. बखरीतील नायकावरचे आरोप खोटे ठरताच ते आरोप उचलून गौण पात्रांवर ठेवण्यात आले. पूर्वी राजा दोषी आणि चिटणीस निर्दोष होता. आता राजा निर्दोष आणि प्रधान, मेहुणे, कारकून दोषी झाले. न्यायासन बदलले, पण न्यायाची रीत बखरीचीच राहिली.

या रीतीचे सर्वांत अन्यायग्रस्त पात्र कवी कलश. बखरींनी त्याचे नावच 'कलुषा' करून टाकले आणि राजाच्या सर्व अनर्थांचे मूळ त्याच्या मंत्रतंत्रांत शोधले. हा माणूस १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला राजासोबत पकडला गेला आणि त्याच्यासोबतच हालहाल होऊन मेला. कपटी मित्राचे असे मरण नसते. मात्र आज त्याला नुसता एकनिष्ठ मित्र म्हणून गौरविले की प्रश्न सुटतो, असेही नाही. राजाने त्याच्यावर टाकलेला पूर्ण विश्वास हाच इतरांना दुरावण्याचे एक कारण ठरला, हे नाकारता येत नाही. १६८८ मध्ये शिर्के आणि कलश यांच्यात उघड झगडा झाला आणि राजाला कलशाच्या मदतीसाठी शिर्क्यांवर चालून जावे लागले. शिर्क्यांचे गाऱ्हाणे वतनाचे होते. वतने न देण्याचे धोरण थोरल्या महाराजांपासून चालत आलेले आणि राज्याच्या हिताचे. ते पाळणारा राजा चुकला असे म्हणता येत नाही, आणि वतन मागणारा मेहुणा जगावेगळे काही मागत होता असेही नाही. संगमेश्वरची वाट कोणी दाखविली, याचा निर्णय इतिहासकारांनी साधनांच्या बळावर करावा. शोकात्मिकेच्या दृष्टीने त्या निर्णयावर फारसे अवलंबून नाही. राजाची एकनिष्ठा आणि राजाचे धोरण या दोन्ही चांगल्या गोष्टी एकमेकींवर आदळल्या आणि त्यात त्याच्याभोवतीची माणसे दूर गेली, एवढे निर्विवाद आहे, आणि नाटकाला एवढे पुरेसे आहे.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, इतिहासातील व्यक्ती आणि नाटकातील पात्रे यांची येथे सरमिसळ होत आहे. हा आक्षेप ऐकायला बरोबर वाटतो, पण तो घेणाऱ्यांनी स्वतः ती सरमिसळ आधीच केलेली असते. ऐतिहासिक नाटकातील नायकाला इतिहासाचे सर्व वजन द्यायचे आणि गौण पात्रांना मात्र केवळ कल्पित मानायचे, हा पक्षपात आहे. नायकाच्या भव्यतेला इतिहासाचा आधार चालत असेल तर चिटणिसाच्या मरणालाही तो चालला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नायकाच्या चुकीचा उच्चार केला की त्याच्या हौतात्म्याला उणेपणा येतो, आणि आजच्या वातावरणात असे लिहिणे एखाद्या जातीची वकिली ठरते. वस्तुस्थिती उलट आहे. वकिली तेथे सुरू होते जेथे गौण पात्राची जात पाहून त्याच्या दोषाचे माप ठरते. ब्राह्मण प्रधानांना दोषी धरणारे आणि कायस्थ चिटणिसाला निर्दोष ठरविणारे, शिर्क्यांना फितूर म्हणणारे आणि त्यांच्या वतीने क्षमा मागविणारे, सारेच एका गोष्टीवर सहमत आहेत: पात्र हा एका समूहाचा प्रतिनिधी आहे. बाळाजींना त्यांच्या लेखणीसह, त्यांच्या टाळाटाळीसह पाहणे म्हणजे त्यांना या प्रतिनिधित्वातून मुक्त करणे होय. राहिला हौतात्म्याचा प्रश्न. ज्याच्या हातून काही चुकलेच नाही त्याचे मरण करुण असते, वंदनीयही असते. पण चूक करून, ती ओळखून, तिचे ओझे घेऊन पुढे राज्य चालविणाऱ्या माणसाने शत्रूपुढे मान न वाकविता मरण पत्करावे, यात जी उंची आहे ती निर्दोषत्वाला लाभत नाही. निर्दोष नायकाचे चरित्र होते, पोवाडा होतो. शोकात्मिका होत नाही.

आणि राजाने ती चूक ओळखली होती, असे मानायला जागा आहे. बाळाजी आवजींचे पुत्र खंडो बल्लाळ वडिलांच्या त्या मरणानंतरही संभाजींच्याच सेवेत राहिले आणि चिटणिशी त्यांच्याकडे आली. १६८३ च्या गोव्याच्या मोहिमेत भरतीच्या पाण्यात सापडलेल्या राजाला त्यांनी वाचविले, असे परंपरा सांगते. १६८९ नंतर राजारामांसोबत ते जिंजीला गेले. आणि जिंजीच्या वेढ्यात शिर्क्यांचे साहाय्य मिळविण्यासाठी त्यांनी आपले दाभोळचे वतन सोडून दिले, असेही सांगितले जाते. पित्याला मारणाऱ्या राजाला पुत्र वाचवितो आणि ज्या वतनापायी मेहुणे दुरावले तसले वतन तो राज्यासाठी टाकून देतो. इतके विलक्षण पात्र मराठी नाटककाराच्या दाराशी उभे आहे, आणि मराठी समीक्षेजवळ त्याच्यासाठी शब्द नाही. कारण तो खल नाही, निमित्त नाही, आणि नायकही नाही.

म्हणून पदव्युत्तर वर्गांतून वर्षानुवर्षे विचारला जाणारा 'नायकाच्या विनाशास गौण पात्रे कितपत कारणीभूत आहेत?' हा प्रश्नच आता रद्द करावयास हवा. तो पोलिसी प्रश्न आहे. त्याचे उत्तर आरोपपत्रच असू शकते. त्याच्या जागी दुसरा प्रश्न ठेवावा: नायकाने या माणसाचे काय केले, आणि ते करताना त्याला काय माहीत होते? पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांतून मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नासाठी ग्रीसपर्यंत जाण्याची गरज नाही. वाकणच्या फाट्याशी तो रोज बस बदलतो. तेथून थोड्या अंतरावर एका चिटणिसाचे मरण घडले, त्याच्या वंशजाने ते लिहिले, आणि मराठी शोकात्मिकेने ते आजवर पाहिलेले नाही.